मनू, मशीनच्या आधी तू बोल

मुलुंड

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

जर्मनीच्या प्रवासाच्या बॅगा भरून झाल्या, आईने लोणच्याची बरणी पुन्हा एकदा उघडून नव्याने गुंडाळली, पण माझा जीव अडकलाय तो तुझ्या इन्सुलिनच्या पाऊचमध्ये. तोंडाने सांगायला गेलो की 'हो बाबा, माहितीये' म्हणून तू मोकळी होतेस. म्हणून लिहितोय.

पाऊच तुझ्या खांद्याला. मोठ्या बॅगेत इन्सुलिनचं एक पेनसुद्धा टाकायचं नाही. तिथे सामानाच्या कप्प्यात थंडीने इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून साधं दिसलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. साखर चढत राहते आणि कारण सापडत नाही. एअर होस्टेसने फ्रीजमध्ये ठेवते म्हटलं तरी देऊ नकोस. वापरात असलेलं इन्सुलिन साध्या, थंडशा हवेत जवळजवळ चार आठवडे टिकतं, एका रात्रीच्या प्रवासाने त्याला काही होत नाही. जेल पॅक ठेवलास तर मध्ये नॅपकिन हवा, पेन थेट बर्फाला टेकता कामा नये.

आता सहार विमानतळाच्या टर्मिनल 2 वरची सिक्युरिटी. मला काळजी आहे ती इथली. मागे एका प्रवासात तपासणीवाल्या बाई 'ये निकालो' म्हणाल्या आणि तू मुकाट्याने कमरेचा इन्सुलिन पंप काढून ट्रेमध्ये ठेवायला निघालीस. मी पुरुषांच्या रांगेत, बेल्ट हातात धरून, तुला हाक मारत होतो. त्या बाई वाईट नव्हत्या. ती वस्तू काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. इन्सुलिन, पेन, सुया एक्स-रेमधून गेल्या तर काही बिघडत नाही. पंपाच्या पुस्तिकेत मात्र स्पष्ट लिहिलंय की एक्स-रे नको, बॉडी स्कॅनर नको. मेटल डिटेक्टरच्या दारातून गेलेलं चालतं. म्हणून पडद्याआड गेल्या गेल्या, त्या बाईंचा हात तुझ्या कमरेशी पोचायच्या आधी, तूच बोलायचं: 'मॅडम, ये इन्सुलिन पंप है, हाथ पे सेन्सर है, मशीन में नहीं डाल सकते, प्लीज़ हाथ से चेक कीजिए.' आवाज खाली नको. तुझी ती लांब बाह्यांत साखर मोजणारा सेन्सर झाकायची सवय मला कळते गं, कॉलेजात लोक विचारत बसतात. पण इथे बाही वर करून दाखव. तुझ्या शरीराला जे लागतं ते तू सोबत घेऊन चालली आहेस, त्यात कुणाची परवानगी मागितल्यासारखं बोलायचं काही कारण नाही.

डॉक्टरांचं पत्र पासपोर्टच्या कव्हरमध्येच ठेवलंय. त्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे आणि औषधांची मूळ नावंही आहेत, कारण आपले ब्रँड तिकडे कुणाला ओळखू येतीलच असं नाही. आपले केमिस्ट खोक्यावर पेशंटच्या नावाचं लेबल लावत नाहीत, म्हणून त्यांचं बिलही जोडलंय. हातातल्या बॅगेतल्या द्रवांची 100 मिलिची अट औषधाला लागत नाही, पण कागद मागतील तेव्हा तो हाताशी हवा. जादा बॅटऱ्या हातातल्याच बॅगेत.

एक गोष्ट मी न विचारता केली आहे. आईने कपाटातल्या जुन्या लाल टोपीच्या सिरिंज पाऊचमध्ये टाकल्या होत्या, त्या मी काढून घेतल्या. त्या आपल्याकडच्या, एका मिलित 40 युनिट असलेल्या इन्सुलिनच्या. जर्मनीत 100 चं मिळेल. घाईत ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलंस तर त्याच खुणेवर अडीचपट डोस जाईल. नारिंगी टोपीच्या ठेवल्यात, त्याच 100 साठी. आईला मी समजावलंय, तू पुन्हा विषय काढू नकोस.

रांगेत उभं राहण्याआधी साखर बघ. मध्यरात्रीच्या फ्लाइटची गर्दी असते, आणि ट्रे पुढे गेला की बॅग काही वेळ तुझ्या हातात नसते. 70 च्या खाली असेल तर रांग सोड, ग्लुकोजच्या गोळ्या खा, पंधरा मिनिटं बसून परत तपास. विमान सुटेल म्हणून धावायचं नाही. तिकीट दुसरं काढता येईल. विमान वर चढल्यावर पंपाच्या नळीत बुडबुडे दिसतात का तेही बघ, हवेचा दाब कमी झाला की ते येतात.

फ्रँकफर्टला विमान बदलताना पुन्हा तपासणी आहे. तिथे बॉडी स्कॅनर असेल, पण तो नाकारून हाताने तपासून घ्यायचा हक्क युरोपच्या नियमांत प्रवाशाला दिलेला आहे. तेव्हा तिथेही तेच वाक्य, इंग्रजीत. तिकडच्या उन्हाळी वेळेप्रमाणे घड्याळ साडेतीन तास मागे जाईल. रात्रीच्या डोसची वेळ डॉक्टरांनी पत्राच्या मागे लिहून दिली आहे, तीच पाळ, मनाने हिशेब करू नकोस.

उतरल्यावर आधी साखरेचा आकडा पाठव. 'पोचले' नंतर लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा