काठी घेऊनच या

पुणे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर सांगितलं तेव्हा आई गप्प झाली आणि बाबांनी "बरं" म्हणून विषय पावसावर नेला. म्हणून लिहून पाठवतेय. लिहिलेलं बाबा दोनदा वाचतात आणि दुसऱ्यांदा मोठ्यानं, आईला ऐकू जाईल असं.

भिंगरीला, म्हणजे त्या कुत्रीच्या पिल्लाला, ठेवून घेतलं. पावसाळ्यात आणली ती फॉस्टर म्हणून. प्राण्यांच्या संस्थेच्या शेडमध्ये दाटी होती, आणि दाटीत एका पिल्लाला पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा साथीचा रोग, झाला की बाकीच्यांचं काही खरं नसतं. म्हणून कायमचं घर मिळेपर्यंत कुणीतरी सांभाळायचं. औषधांचा खर्च त्यांचा, जागा आणि जागरण आपलं. गावठी, त्यात मादी, त्यात अंगभर खरूज. फोटो पाहून कुणी विचारलंही नाही.

अर्धवट पडलेल्या एका बांधकामावर सापडली होती. सळया बांधायची बारीक तार कुणीतरी तिच्या गळ्यात घातली होती. पिल्लू वाढत गेलं, तार तेवढीच राहिली आणि कातडीत रुतली. जखमेत अळ्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी भूल देऊन तार काढली. जखम भरली, खरूज गेली, केस आले. अवघड प्रकरण वेगळंच आहे.

काठी, झाडू, मिटलेली छत्री, अगदी लाटणंसुद्धा, लांब काहीही हातात दिसलं की ती पोट जमिनीला टेकवते आणि तिथंच लघवी करते. आई, याला घाण सवय म्हणू नकोस. घाबरलेलं कुत्रं असंच गयावया करतं, आणि आपण ओरडलो की आणखी करतं. तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात पिल्लू शिकतं की जगात कशाला भ्यायचं आणि कशाला नाही. हिचे ते दिवस तारेला बांधलेले गेले.

मध्ये एक कुटुंब तिला घेऊन गेलं होतं. माणसं चांगली, पण घरातले आजोबा काठी टेकत चालायचे. आठवड्याच्या आत परत आणून सोडली. मी त्यांना नावं ठेवत नाही; रोज फरशी पुसायला कुणाला आवडेल? पण ती परत आली आणि थेट माझ्या पलंगाखाली जाऊन बसली. तेव्हाच मी संस्थेला कळवलं, आता हिचे फोटो टाकू नका, फॉर्म माझ्या नावाचा भरा. सही केली आणि मग लक्षात आलं, काठीवाले आजोबा आपल्याकडेही येणार आहेत.

बाबा, तुमच्यासारखीच रबरी बुडाची काठी मी मेडिकलमधून आणली. आधी ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला नुसती आडवी टाकून ठेवली आणि तिच्याजवळ उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे. कुणी बोलवायचं नाही, ढकलायचं नाही. तिला वाटलं तर ती येईल. मग काठी थोडी अलीकडे. मग मी बसल्या बसल्या हातात धरलेली. मग उभी राहून. मग टकटक आवाज करत. जिथं शेपूट पायात गेली तिथं थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागून सुरू करायचं. आता मी काठी टेकत घरभर फिरते आणि ती चिकनच्या आशेनं मागे मागे येते. वॉचमनच्या दांड्याला मात्र अजून भिते. पुरुषाच्या हातातली काठी हा तिच्या लेखी निराळा विषय आहे.

तेव्हा आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला याल तेव्हा काठी दाराबाहेर ठेवायचा मोठेपणा करू नका. गुडघ्याला काठी हवी, आणि भिंगरीलाही एकदा कळायला हवं. आत या, खुर्चीवर बसा, काठी पायाशी आडवी ठेवा, भिंगरीकडे बघू नका. डोक्यावरून हात फिरवायला जाऊ नका. वरून येणारा हात तिला मार वाटतो. तीच येऊन हुंगेल. दत्ताच्या तसबिरीतली चार कुत्री म्हणजे चार वेद, हे तुम्हीच शिकवलंत. आमच्याकडे एकच आहे आणि तेही निरक्षर, एवढं सांभाळून घ्या.

आई, तुझ्या शंका. स्वयंपाकघराला जाळीचं दार बसवलंय, ती उंबऱ्याबाहेरच असते. डोळ्यात थेंब घालायचे आहेत तोवर तुमच्या खोलीत तिला सोडणार नाही. रेबीजची लस तिला दिली आहे, दर वर्षी देईन. तुझ्या डोक्यातली पोटातली चौदा इंजेक्शनं २००५ पासून आपल्याकडे वापरातच नाहीत. आता दंडात देतात. तरी नख किंवा दात लागलाच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं, लसवाली कुत्री असली तरी. आणि सांगलीहून बेदाणे आणशील ते वरच्या फळीवर. द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. "एवढासा दिला तर काय होतंय" हे तुझं वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. एवढासाही नाही. कांदा-लसूणही नाही. भाकरी चालेल, दूध न घालता.

सोसायटीत एक-दोघांनी कुरकुर केली, पण कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही हे सेक्रेटरींना आधीच ठाऊक होतं. लिफ्टमध्ये गर्दी असली की मी जिन्यानं जाते, मिटलं.

मामाचा मुलगा पुढच्या आठवड्यात इकडे येतोय ना, त्याच्याबरोबर बाबांचा अंगात घातलेला एक बनियन आणि काठीच्या मुठीला गुंडाळलेलं ते जुनं फडकं पाठव. तिच्या अंथरुणात ठेवणार आहे, म्हणजे बाबा यायच्या आधी त्यांचा वास तिच्या ओळखीचा होईल. आई, पिशवीत भरताना तुझा हात साबणाकडे जाईल. धुवून, निळीतून काढून पाठवू नकोस.

तुमची,
बेबी