आजीचा निळा, आपला हिरवा

प्रिय बंड्या,

चिडला असशील, माहितीय. पार्सल मिळालं एवढा मेसेज टाकून मी जो गप्प बसलो तो आजपर्यंत, तुझे फोन पण उचलले नाहीत. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच, तू मधेच "बरं बरं, कधी देतोस ते सांग" म्हणाला असतास. म्हणून लिहितोय, शेवटपर्यंत वाच.

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच, शुगर कंट्रोलमध्ये. झालं.

तर आजोबांचा दाढीचा ब्रश. तू चिठ्ठीत लिहिलंस, "केस बदल आणि हिरवा रंग मारून चकाचक करून दे." रंग मारायचा विषयच नाही रे. मूठ गरम पाण्याखाली धरून अंगठ्याने खसाखसा घासली आणि नाकाला लावली, तर कार्बोलिकचा वास. म्हणजे बेकेलाइटच्या घराण्यातलं प्लास्टिक. पण बेकेलाइट बहुतेक काळं नाहीतर तपकिरी, त्यात लाकडाचा भुसा वगैरे कालवलेला असतो. हे ओतीव, कॅटलिन म्हणतात, १९२७ मध्ये बेकेलाइटचं मूळ पेटंट संपलं आणि मग हे असले रंगीबेरंगी प्रकार बाजारात आले. रंग आतपर्यंत असतो. वरून पेंट फासला तर रोजच्या गरम पाण्याने त्याचे पापुद्रे निघणार आणि ते तू गालाला लावणार.

केस झडलेच होते, उरलेले कापले. खोबणीतला जुना घट्ट गठ्ठा ड्रिलने हळूहळू पोखरायला घेतला, मूठ टॉवेलात गुंडाळून, तोंडाला मास्क लावून, कारण ही धूळ छातीत जाऊ द्यायची नसते. गठ्ठा संपला, नवीन केस बसावेत म्हणून भोक जरा रुंद करत होतो आणि खालच्या कागदावर निळा भुसा पडायला लागला. निळा, बंड्या. निळाशार. मला वाटलं बिटालाच काहीतरी लागलेलं असणार, पुसून परत फिरवलं, परत तेच. मग बुडाचं ते सडकं लेबल भिजवून काढलं. खाली लेबलाएवढाच निळा चौकोन, आणि कडेने आपला हिरवा.

आता आठव आजी काय म्हणायची. "अरे त्यांचा तो निळा ब्रश दे इकडे." आणि आपण हसून लोळायचो. तू तर कहर केलास, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मुद्दाम ब्रश तिच्यासमोर नाचवलास, आता सांग कुठला रंग. तर म्हणे, "निळाच आहे, तुमचे डोळे फुटलेत का मेल्यांनो!" आजोबा आरशात बघत दाढी करत होते, एक शब्द बोलले नाहीत. त्यांना पक्कं माहीत असणार रे! गप्प राहून मजा बघत बसले, लबाड माणूस.

हे प्लास्टिक उजेड आणि हवा लागून वरून पिवळं पडत जातं. मूळचं पांढरं असेल तर लोणकढ्या तुपाच्या रंगावर जातं, आणि निळ्यावर पिवळा थर चढला की हिरवं दिसतं. थर अगदी पातळ असतो. आजीने तो नवा कोरा असताना पाहिलेला, आपण जन्मलो तोवर खिडकीत बसून बसून हिरवा झालेला. सगळेच खरं बोलत होते आणि वेड्यात काढली तिला एकटीला.

माझी अडचण अशी की हा थर काढता येतो. पाण्यात भिजवत ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००, ८००, १०००, २०००, शेवटी पॉलिश कंपाउंड, की आजीचा ब्रश हातात. पण मग आपला गेला. परत हिरवा पाहिजे तर ठेव खिडकीत आणि बस वाट बघत, तोवर आपणच नसू. शिवाय कंगोरे बोथट होणार, आणि बुडाजवळची ती बारीक इंग्रजी अक्षरं आहेत ना, "स्टरिलाइज्ड", ती सगळ्यात आधी जाणार, खोल नाहीतच. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून लोकांना अँथ्रॅक्स झाला होता, माणसं मेली, १९२० मध्ये ब्रिटनने जपानी ब्रश आणायलाच बंदी घातली. त्या भीतीपायी कंपन्या मुठीवर छापायच्या की बाबांनो, केस निर्जंतुक केलेत, खुशाल घ्या. ते घासून टाकायला माझा हात धजत नाही.

तू म्हणशील घास. तुझं नेहमीचंच. सायकलच्या वेळी तेच केलंस, मी नसताना चांगल्या काळ्या सायकलला पोपटी ऑइलपेंट फासलास, चेनलासुद्धा, आणि वर "सरप्राइज!" मी ते विसरलेलो नाही, विसरणार पण नाही. आणि दादाला विचारू नकोस, तो म्हणेल फेका आणि नवा घ्या.

मला विचारशील तर घासू नये. नुसता पॉलिशचा हात फिरवावा, चमक येईल, हिरवा राहील, बुडाचा निळा चौकोन तसाच उघडा ठेवावा. असं ठरवून झोपतो आणि सकाळी वाटतं, म्हातारी मरेपर्यंत भांडली रे त्या रंगासाठी. मधे एकदा तर अर्धा घासावा अर्धा ठेवावा असं पण डोक्यात आलं, मग म्हटलं गॅदरिंगमधला विदूषक होईल तो.

तुझं प्रमोशन कळलं, अभिनंदन, पार्टी बाकी आहे. चिनूचे पेपर कसे गेले? वहिनींची पाठ कशी आहे? घर बदलताय म्हणे, खरं का?

केसांचं मात्र मी ठरवून टाकलंय, त्यात तुला मत नाही. २४ मिलिमीटरचा सिंथेटिक गुच्छ, बाहेर साधारण ५० मिलिमीटर राहील असा. बॅजरचा, म्हणजे जनावराच्या खऱ्या केसांचा नको, तू ब्रश ओलाच डब्यात कोंबणार. नुसता बसवून बघितलाय, चिकटवला नाहीये. एपॉक्सी लावल्यावर घासायला घेतलं तर सगळा लगदा केसांत जाईल, त्यामुळे रंगाचं आधी कळव. फोन कर, नुसता अंगठा पाठवू नकोस.

तुझा,
गजा

ता. क. आत्याला मी अजून काही सांगितलेलं नाही. आजीच्या बाजूने बोलणारी ती एकटीच होती, तेव्हा तिला तूच सांग. शिव्या तू खा.