'टाकाऊ' लाकूड म्हणे!

मा. संपादक, स.न.वि.वि.

कालच्या अंकातला कोळशावरचा लेख दोनदा वाचला, पहिल्यांदा वाटलं चष्म्यात गडबड आहे. तोडणीनंतर जंगलात पडलेल्या फांद्या-शेंडे उचला, भट्टीत घाला, झाला पर्यावरणस्नेही कोळसा. इतकं सोपं असतं तर माझ्या मामांना भट्टीच्या उशाशी जागून रात्री काढाव्या लागल्या नसत्या.

मामा मातीची भट्टी लावायचे. लाकडं रचायची, वर पाला, पाल्यावर माती, मग दिवसरात्र राखण. एका सुट्टीत रात्रीची पाळी माझ्याकडे आली. लाकूड ओलं होतं, मामांना आधी वाळवायचं होतं पण घेणाऱ्याला घाई. ताज्या लाकडाच्या वजनात निम्मं पाणीच असू शकतं, ते उडवण्यातच भट्टीतलं बरंच लाकूड जळून जातं. तर तो पांढरा धूर, म्हणजे वाफच हो, काही केल्या सरेना, निळसर धूर येईपर्यंत जागा राहा असं बजावलं होतं आणि मी पडल्या पडल्या झोपलो. पहाटे एका अंगाची माती खचलेली, आत हवा शिरलेली, कोळशाच्या जागी राख. मामा एक शब्द बोलले नाहीत, फावड्याने गुपचूप फट बुजवत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणून विचारतो, भट्टी कुठली? लेखात एक ओळ नाही! साध्या मातीच्या भट्टीत 100 किलो लाकडाचा बहुतेक वेळा 10 ते 20 किलो कोळसा पडतो. वाळलेलं लाकूड आणि बंद भट्टी, जिच्यात निघालेला गॅस पुन्हा जाळून तीच भट्टी तापवतात, तिथे 30 च्या आसपास जातो. साध्या भट्टीत तोच गॅस, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साईडसकट, सरळ हवेत. लाकूड फुकटचं मिळालं म्हणून धूरही माफ होतो का?

शिवाय टाकाऊ कोणासाठी? पडलेल्या ओंडक्यात बुरशी, भुंगेरे राहतात, त्यांच्यावर पक्षी जगतात, आणि मातीला खत मिळतं ते जास्त करून पाला, साल, बारीक काटक्यांतून. जाडं लाकूड थोडं न्या की, कोण नको म्हणतंय, पण लेखकमहाशयांना बहुतेक जंगल म्हणजे बैठकीची खोली वाटते, पाहुणे यायच्या आत झाडून घ्यायची.

आणि तो फोटो! तो दगडी कोळसा आहे साहेब, खाणीतला. लोणारी कोळशावर लाकडाच्या रेषा शाबूत दिसतात, एवढं तरी फोटो लावणाऱ्याने बघावं.

मागचं पत्र तुम्ही अर्धं कापून छापलंत. या वेळीही कापायचंच असेल तर माझी झोप कापा, भट्टीचे आकडे राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक