महाकाय हत्ती आणि त्याची भूक

मा. संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत संगणकीय खेळांवर जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या खेळातील महाकाय हत्तीचा विषय दोन ओळींत आटोपण्यात आला आहे. खेळणाऱ्याला धाक वाटावा म्हणून साधाच प्राणी मोठा करून दाखवला आहे, असा त्या ओळींचा सूर आहे. मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि माझ्या विद्यार्थ्यांमुळे हा खेळ मला जवळून पाहायला मिळाला. या हत्तीला इतक्या झटपट निकालात काढू नये असे मला मनापासून वाटते, आणि पूर्व विदर्भात खरे रानहत्ती वावरू लागल्यापासून तर हा विषय आपल्याला परका राहिलेला नाही. म्हणून हे पत्र.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टार्न अॅडम्स आणि झॅक अॅडम्स या दोन अमेरिकी भावांनी २००२ मध्ये या खेळाचे काम सुरू केले, ऑगस्ट २००६ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याची चित्रे असलेली आवृत्ती विक्रीस आली. खेळणाऱ्याने बुटक्या खाणकामगारांची एक वसाहत वसवायची, तिला अन्नपाणी आणि निवारा पुरवायचा आणि संकटांतून तगवायचे, असा हा डाव आहे. जुन्या आवृत्तीत चित्रे नसतात; हत्ती म्हणजे पडद्यावर सरकणारे ‘ई’ हे रोमन अक्षर. मात्र त्या एका अक्षरामागे कातडी, चरबी, स्नायू आणि हाडे असे थर मांडलेले असतात आणि भाला लागला तर तो नेमका कोणत्या थरापर्यंत गेला हे खेळ शब्दांत सांगतो. देहाचा असा तपशीलवार हिशेब ठेवणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही. २०१५ मध्ये या खेळात मद्यशाळा आल्या, तेव्हा वसाहतींतील मांजरे अचानक मरू लागली. शोध घेतल्यावर उलगडा झाला की जमिनीवर सांडलेली दारू त्यांच्या पायांना लागत होती आणि अंग चाटताना ती पोटात जात होती. हिशेबात फक्त प्रमाण चुकले होते, दर चाटण्याला पूर्ण पेला धरला जात होता. प्राण्याचे वागणे असे त्याच्या शरीरातून निघते, हे मला या खेळाचे सर्वांत मोठे बळ वाटते.

आता महाकाय हत्तीकडे येते. खेळातील बहुतेक प्राण्यांची माहिती साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली असते आणि त्या कोणालाही उघडून वाचता येतात, बदलताही येतात. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतील संगणकावर हत्तीची नोंद उघडून दाखवली. चौकटी कंसांत एकाखाली एक ओळी होत्या: जन्मतः आकार किती, कोणत्या वयात किती आणि पूर्ण वाढ झाल्यावर किती. पूर्ण वाढलेला हत्ती पन्नास लाख घन सेंटीमीटरांचा आहे. सजीवाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते, त्यामुळे हे वजन साधारण पाच टन भरते, आणि आशियाई नर हत्तीचे वजनही त्याच घरात असते. महाकाय हत्तीची नोंद त्याहून आखूड आहे, कारण साध्या हत्तीचे सारे गुण उचलायचे आणि आकार आठपट करायचा, एवढेच तिच्यात सांगितलेले आहे. असा हत्ती चार कोटी घन सेंटीमीटरांचा होतो. याच खेळातला पूर्ण वाढलेला ड्रॅगन अडीच कोटींवर थांबतो हे लक्षात घेतले, म्हणजे आकाराची कल्पना येईल. हा हत्ती खेळात सगळीकडे भेटत नाही. नकाशावरील जे प्रदेश खेळ अत्यंत रानटी मानतो, त्यांतच महाकाय प्राण्यांचा वावर असतो.

आठपट हा आकडा वर्गात मला फार उपयोगी पडला. घनफळ आठपट म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दुप्पट. पायाच्या हाडाचा आडवा छेद मात्र चौपटच होतो. आठपट वजन चौपट छेदावर आले की हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवरचा भार दुप्पट होतो. गॅलिलिओने १६३८ मध्ये हेच दाखवले होते आणि मोठ्या प्राण्याचे हाड प्रमाणापेक्षा जाड का असावे लागते हे चित्र काढून समजावले होते. उष्णतेचेही तसेच आहे. अंगात निर्माण होणारी उष्णता कातडीवाटे बाहेर पडते, पण देह आठपट झाला तरी कातडीचे क्षेत्रफळ चौपटच वाढते. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेलेल्या नागपूरच्या मे महिन्यात असा प्राणी उभा राहिला, तर केवळ कान हलवून त्याचे भागणार नाही. खेळ हा भार आणि ही उष्णता मोजत नाही. तिथला महाकाय हत्ती साध्या हत्तीच्या चालीनेच चालतो. ही उणीव मोठी आहे, पण विद्यार्थ्यांनी ती स्वतः शोधून काढली आणि त्या तासाला फळ्यावरची आकडेमोड करायला मुले आपणहून पुढे आली.

मला जे मुख्यत्वे सांगायचे आहे ते भुकेबद्दल आहे. हत्ती दिवसाकाठी सुमारे दीडशे किलो चारा खातो, त्यासाठी दिवसाचे सोळा-अठरा तास घालवतो आणि खाल्लेल्यातले निम्मेही त्याला पचत नाही. मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या पाऊण घाताने वाढते. त्या हिशेबाने आठपट हत्तीची भूक आठपट न होता पावणेपाचपटीच्या आसपास होते, म्हणजे रोज सातशे किलोंहून थोडा अधिक चारा. दहा जणांचा कळप धरला तर रोजचे सात टन होतात. एवढे कोणते रान पुरवेल, किती दिवस पुरवेल, आणि ते संपल्यावर कळप कोणत्या दिशेला जाईल, हे खरे प्रश्न आहेत.

गंमत म्हणून नव्हे, पण या खेळाने एकदा हा प्रश्न स्वतःच उभा केला होता. २०११ मध्ये चरणाऱ्या पाळीव प्राण्यांना गवत लागेल असा नियम आला. आकारानुसार भूक ठरली आणि त्या आवृत्त्यांत कुरणात सोडलेला हत्ती समोर गवत असताना उपासमारीने मरू लागला, कारण त्याच्या चरण्याचा वेग भुकेला पुरत नव्हता. पुढे आकडे बदलून ते दुरुस्त करण्यात आले. मात्र एक गोष्ट राहिली: भूक दिली गेली ती माणसाळलेल्या प्राण्याला. रानातल्या हत्तीला खेळात उपासमार नाही. तो महाकाय आहे, बलाढ्य आहे, त्याला पकडून युद्धासाठी तयारही करता येते, पण जोवर तो रानटी आहे तोवर त्याला पोट नाही. या खेळाबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे, आणि ती तक्रार मी आपल्या लेखातील ‘धाक’ या मुद्द्यापेक्षा पुष्कळ महत्त्वाची मानते.

महाकाय प्राणी काय खात होता हे समजून घेण्यासाठी विदर्भातील माणसाला लांब जावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातील पिसदुरा परिसरात लमेटा नावाच्या, डायनोसॉरांच्या काळातील खडकांमध्ये टायटॅनोसॉर या लांब मानेच्या डायनोसॉरांची हाडे सापडतात आणि त्यांबरोबर विष्ठेचे दगड झालेले गोळेही सापडतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मिळाले. २००५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि पृथ्वीवर गवत साडेसहा कोटी वर्षांपूर्वीही होते, ते डायनोसॉरांच्या पोटात जात होते, हे जगाला कळले. त्याआधी गवताचा इतका जुना पुरावा हाती नव्हता. जमिनीवर वावरलेल्या सर्वांत मोठ्या प्राण्यांच्या गटाचे पोट आपल्या वरोऱ्याजवळ उघडले गेले, ही गोष्ट नागपूरच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक आहे? ते प्राणी एवढे वजन पेलू शकले त्याची कारणेही त्यांच्या सांगाड्यात आहेत: खांबांसारखे सरळ पाय, हवेच्या पोकळ्या असलेले मणके, आणि अन्न न चावता गिळणारे लहानसे डोके, जे लांब मानेवर सहज तोलले जाई. खेळातल्या महाकाय हत्तीला यांतले काहीच मिळालेले नाही. त्याचे अवजड डोके आणि दाढा हत्तीच्याच आहेत.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ओडिशातील हत्तींचा एक कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आला आणि पुढच्या वर्षी गोंदिया, भंडारा जिल्ह्यांतही फिरला. धान कापणीला आलेले असताना हे घडले. बांध्यांमधले उभे धान तुडवले गेले, मळणीसाठी रचलेले पुंजणे खाल्ले गेले, घरे पडली, माणसे दगावली. ज्यांचे वर्षाचे अन्न एका रात्रीत गेले त्यांच्या दुःखाला मी कमी लेखत नाही. परंतु त्या काळातील चर्चा आठवून पाहावी. हत्ती किती पिसाळलेला आहे, किती ताकदीचा आहे, त्याला कसे हुसकावावे, यावर भरपूर बोलले गेले. एका कळपाला रोज किती टन चारा लागतो, तो कोणत्या जंगलात उरला आहे आणि मोह, बांबू, धान यांपैकी काय कोणत्या महिन्यात त्याला ओढून आणते, यावर फारच थोडे. आपणही रानातल्या हत्तीला ताकद आणि राग दिला आणि पोट काढून घेतले. खेळ बनवणाऱ्यांना निदान आकडे एका फाइलीत उघडे ठेवण्याचे सौजन्य आहे; कोणीही जाऊन ते बदलू शकतो.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की पुरवणीत या विषयावर पुढे लेख द्यायचा झाल्यास तो खेळातील हिंसेवरच थांबू नये. वाटल्यास महाकाय हत्तीची नोंद आणि त्याच्या चाऱ्याचा हिशेब एका चौकटीत छापावा. अकरावीचा विद्यार्थी तो स्वतः तपासू शकेल. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्राच्या डायनोसॉरांच्या प्रतिकृतींपुढे मुलांची नेहमी गर्दी असते. तेथे प्रत्येक प्राण्याच्या लांबी-उंचीबरोबर त्याचा रोजचा आहार आणि पिसदुऱ्याच्या गोळ्यांची माहिती मराठीत लावावी, अशी सूचना आपण आपल्या दैनिकातून केल्यास तिला वजन येईल. गडचिरोली आणि भंडारा जिल्ह्यांतील शिक्षकांकडे त्यांच्या भागातील हत्तींनी कोणत्या महिन्यात काय खाल्ले याची प्रत्यक्ष माहिती असणार. ती त्यांनी लिहून पाठवली आणि आपण ती छापली, तर आमच्या वर्गात तिचे कोष्टक करून वापरण्याची माझी तयारी आहे.

आपली नम्र,
जीवशास्त्राची एक शिक्षिका, नागपूर