देवराईला सुशोभीकरण नको

देवराईंना, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या जंगलांना, पर्यटनस्थळ म्हणून विकसित करा असं सुचवणारा लेख आपल्या पेपरात वाचला, हेतू चांगला असेल पण पटलं नाही. लेखात पेव्हर ब्लॉक, बसायला बाकडी, लायटिंग आणि 'परिसर स्वच्छता' असं सगळं आहे, आणि माझा आक्षेप नेमका या स्वच्छतेलाच आहे. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही हा जुना नियम, त्यामुळे पडलेलं झाड तिथेच कुजतं, त्यावर अळंबी येते, खाली पालापाचोळ्याचा पायाला दबेल असा थर होतो, पावसाचं पाणी त्यात मुरतं आणि गावच्या झऱ्याला येतं. धनेश पक्षी तर जुन्या बेहड्यासारख्या मोठ्या झाडाच्या ढोलीत अंडी घालतो, ते झाड धोकादायक म्हणून तोडलं की तो जाणार कुठे? कडेला मातीत अर्धे गाडलेले वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड) असतात त्यांनाही जीर्णोद्धाराच्या नावाखाली ऑइलपेंट फासतात (हे कुणाला सुंदर वाटतं देव जाणे).

पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास १९७० च्या दशकातच केला होता. १८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थानातल्या ओरणांचं, म्हणजे तिकडच्या देवरायांचं, सर्वेक्षण करून त्यांना संरक्षण द्यायला सांगितलं. आपल्याकडेही आधी हद्द मोजून सातबाऱ्यावर देवराई अशी नोंद करा, बाकड्यांचं नंतर बघू.

– एक वाचक