गोळ्या बंद करायच्या आधी हे वाच

प्रिय बंड्या,

काल रात्री तुझा मेसेज आला, 'सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालंय, एचआयव्हीच्या गोळ्यांनीच वाट लावली, बंद करतो सगळं'. फोन करणार होतो पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून लिहितोय. गोळ्या बंद करायच्या नाहीत, एक दिवसही नाही. व्हायरस डोकं वर काढतो तेव्हा अंगात जी सूज धुमसत राहते ती लिव्हरलाही छळते, आणि तुला तर हेपॅटायटिस बी पण आहे, तुझ्या गोळीतलं टेनोफोव्हिर त्यालाही दाबून धरतं. ते अचानक सोडलंस तर तो उसळेल, मग लिव्हरमधली चरबी राहील बाजूला आणि भलतंच होऊन बसेल.

आता माझं ऐक. दारूला मी शिवत नाही, हातपाय काड्या, मग मला कशाला होईल असंच वाटायचं. टेबलावर पडलो, पोटावर ती गार जेली, आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले, ग्रेड वन, म्हणजे फॅटी लिव्हरची पहिली पायरी. मी म्हटलं मशीन चुकलं! अरे, एचआयव्ही असलेल्यांत साधारण तिघांत एकाला हे असतं, आणि बारीक माणसं सुटतात असं काही नाही. काट्यावरचं वजन फसवतं, कंबर खरं बोलते. माझ्या बेल्टला, पोट मावेना म्हणून, मी स्वतः खिळ्याने दोन भोकं जास्त पाडलीत ते विसरलोच होतो.

गोळ्यांचा काहीच हात नाही असं मी म्हणत नाही हं. मी सुरुवातीला स्टॅव्ह्युडिन ही एचआयव्हीची जुनी गोळी घ्यायचो, आठवतं ना, गाल बसले होते आणि पोट तेवढं पुढे? ती गोळी पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियाला, म्हणजे जिथे चरबी जळते त्यालाच मारायची, शेवटी २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती हळूहळू बंद करा म्हणून सांगितलं. आताच्या गोळ्या तशा नाहीत. त्यांतल्या डोल्युटेग्राव्हिरवर काहींचं वजन वाढतं, माझं सहा किलो वाढलं, त्यातलं किती गोळीचं आणि किती रात्री टीव्हीसमोर चरण्याचं हे देवच जाणे. तुझ्या बाबतीत मला जास्त भीती तुझ्या शुगरची आणि ट्रायग्लिसराइड्सची, म्हणजे रक्तातल्या चरबीची, वाटते, त्या दोन्ही सांभाळल्याशिवाय लिव्हरला आराम नाही. आणि बीअर. 'फक्त शनिवारी' वगैरे मला सांगू नकोस.

नुसत्या चरबीने लगेच काही होत नाही, लिव्हर कडक होत चाललंय का ते बघायचं असतं, आणि ते साध्या सोनोग्राफीत नीट कळत नाही. त्यासाठी फिब्रोस्कॅन असतो, तीन तास उपाशी जायचं, बरगड्यांवर टकटक टिचक्या मारल्यासारखं होतं, दुखत नाही. त्याच्या आधी घरबसल्या फिब-४ नावाचा आकडा काढता येतो, त्याला रक्ताच्या रिपोर्टमधले प्लेटलेट्स आणि एएसटी, एएलटी हे लिव्हरचे दोन आकडे लागतात: वय गुणिले एएसटी, त्याला 'प्लेटलेट्स गुणिले फक्त एएलटीचं वर्गमूळ' याने भागायचं. माझं वय ४८, एएसटी ४२, एएलटी ४९, प्लेटलेट्स २४० हजार, तिथे नुसतं २४० घ्यायचं. उत्तर आलं १.२. मोबाइलवर तीनदा करून बघितलं! १.३ च्या खाली असलं की कडकपणाची शक्यता कमी, २.६७ च्या वर गेलं तर लिव्हरवाल्या डॉक्टरकडे जायचंच, मधलं आलं तर फिब्रोस्कॅन करून घ्यायचा.

औषध काय, तर मला तरी वजन कमी करा एवढंच सांगितलं. पाच टक्के उतरलं तरी चरबी कमी होते, सूज जायला सात ते दहा टक्के लागतात. माझे सहापैकी चार किलो गेलेत, गोड कोल्ड्रिंक सोडलं आणि रोज पाऊण तास चालतो, पावसात कंटाळा येतो तेव्हा घरातच फेऱ्या मारतो आणि घरचे हसतात.

तुझ्या रक्ताच्या रिपोर्टचा फोटो आजच पाठव, प्लेटलेट्सचा आकडा दिसेल असा, मागच्या वेळी तुझा अंगठाच आला होता मधे. आणि आज रात्रीची गोळी घेतलीस की मेसेज कर, झोपायच्या आधी.

तुझाच,
बेल्टवाला