काळा गुलाब : छायाचित्राखाली जातीचे नाव छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोळशासारख्या काळ्याकुट्ट गुलाबाची छायाचित्रे छापील पानांपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे फिरतात आणि त्यावर ‘काळ्या गुलाबाचे बी’ विकणाऱ्यांचे फावते. म्हणून स्पष्ट लिहायला हवे. खरोखर काळा गुलाब निसर्गात नाही आणि संकरातूनही आजवर निघालेला नाही. काळा म्हणून जो ओळखला जातो तो अतिशय गडद लाल गुलाब.

गुलाबाच्या पाकळीत काळे रंगद्रव्य नसतेच. गडद लाल छटा येते ती मुख्यतः सायनिडिन या अँथोसायनिन गटातल्या द्रव्यामुळे. ते ठासून भरले की पाकळी काळपट दिसू लागते. बाकीचे काम पाकळीचा पोत करतो. तिच्या वरच्या थरातल्या पेशी शंकूसारख्या उभ्या असतात. ब्लॅक बकारा जातीत त्या बारीक आणि टोकदार असल्याने प्रकाश त्यांच्यामध्ये अडकून पडतो, मखमलीत अडकतो तसा. अशी एक पाकळी तोडून उन्हासमोर धरून पाहा. काळेपणा विरतो आणि माणकासारखा लाल रंग उजळतो. पाकळी पालथी केली तर खालची बाजू बहुधा फिकट निघते.

गडद जाती बऱ्याच आहेत. फ्रान्समधला लुई चौदावा १८५९ चा, पापा मेयां १९६३ चा, ओक्लाहोमा १९६४ चा, तर ब्लॅक बकारा अगदी अलीकडचा. सुगंध हवा असेल तर पापा मेयां किंवा ओक्लाहोमा घ्यावा. ब्लॅक बकाराला वास जवळजवळ नाहीच, हे विकताना कोणी सांगत नाही.

लावल्यावर निराशा होते ती बहुतेक वेळा हवामानामुळे. थंडीत पाकळी सावकाश वाढते आणि रंग साठतो. उष्ण हवेत रंगद्रव्य कमी तयार होते, म्हणून त्याच झाडावर साधी लाल फुले येतात. कळी सर्वांत गडद, उमललेले फूल त्याहून फिके. तुर्कस्तानातल्या हाल्फेती गावचे ‘काळे गुलाब’ जगभर गाजले, पण प्रत्यक्षात तेही गडद लालच असतात. गडद पाकळी उष्णता जास्त शोषते आणि कडा करपतात, तेव्हा सकाळचे ऊन पुरेपूर आणि दुपारी विरळ सावली, अशी जागा निवडावी. मातीचा सामू (आम्लता दाखवणारा pH अंक) ६ ते ६.५ असला की गुलाब सुखात वाढतो. मात्र सामू बदलून फुलाचा रंग बदलत नाही. तो गुण हायड्रेंजिया या फुलझाडाचा, गुलाबाला उगाच चिकटवला जातो.

आता बियांविषयी. आपल्याला आवडलेली गुलाबाची जात बियांपासून तशीच मिळत नाही. फळातले प्रत्येक बी वेगळे रोप देते. त्यामुळे पाकिटावरचे चित्र कितीही काळे असो, ते आश्वासन खोटे आहे. जात टिकवायची तर डोळा भरून (म्हणजे त्या जातीचा अंकुर दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवरच्या खुंटात बसवून) किंवा छाटकलमानेच, म्हणजे फांदीचा तुकडा रुजवून. कलम घेतले तरी डोळ्याच्या जागेखालून खुंटाचे फुटवे येत नाहीत ना, हे पाहत राहावे लागते. ते वरवर कापले तर पुन्हा जोमाने फुटतात, म्हणून थेट बुडापाशी माती उकरून ओढून काढावेत. दुर्लक्ष झाले की खुंट कलमाला मारून टाकतो आणि ‘काळ्या गुलाबाला आता लहान फिकट फुले येतात’ अशी तक्रार सुरू होते.

गुच्छातली कोळशासारखी काळी फुले रंगवलेलीच असतात. पांढऱ्या फुलाचा देठ तिरका कापून रंगाच्या पाण्यात ठेवला तर रंग आधी शिरांत चढतो आणि फूल राखाडी, जांभळट दिसते. म्हणून गडद लाल फूल घेऊन त्यावर रंग चढवतात किंवा फवारतात. फवारलेली पाकळी ताठर होते, मऊपणा जातो. ओल्या कापसाने पुसून पाहा किंवा देठाचा तुकडा आडवा कापा. बनावट रंग कापसाला लागतो किंवा कापलेल्या भागात ठिपक्यांनी दिसतो. आणखी एक सोपी परीक्षा आहे. पाकळी ठेचून तिच्या रसात लिंबू पिळावे. अस्सल रंग लख्ख लाल होतो, खाण्याचा सोडा घातला तर निळसर-हिरवट. रंगवलेल्या फुलात हा बदल इतका स्वच्छ दिसत नाही.

अर्थाचे म्हणाल, तर मृत्यू, शोक आणि कायमचा निरोप हे अर्थ काळ्या रंगाला जिथे शोकाचा रंग मानतात तिथून फुलावर आले. पण तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे. अराज्यवाद्यांनी, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणाऱ्यांनी, काळा गुलाब आपले चिन्ह म्हणून घेतला. आयर्लंडच्या गेलिक भाषेतल्या गीतपरंपरेत ‘लहानसा काळा गुलाब’ हे परकी सत्तेखालच्या त्या देशाचेच लाडके नाव झाले. म्हणजे एकाच्या लेखी तो शेवट, तर दुसऱ्याच्या लेखी बंड. असे फूल भेट देताना सोबत दोन ओळी लिहाव्यात, नाहीतर घेणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ जाऊन बसतो.

आपल्याला विनंती एवढीच, की काळ्या गुलाबाचे छायाचित्र छापताना खाली जातीचे नाव द्यावे आणि फूल रंगवलेले किंवा छायाचित्र संगणकावर गडद केलेले असेल तर तसेही लिहावे.

कळावे,
एक गुलाबप्रेमी वाचक